झाशीला गाडी पसंत करायला गेले

भुसावळहून निघाले तेव्हा पिशवीत केळीचे वेफर्स होते आणि डोक्यावर एका घराचा निवाडा. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून झाशीला गेला आणि निवृत्तीनंतर तिथलाच होऊन राहिला. त्याची जुनी छोटी गाडी काढून नवी घ्यायची होती, आणि त्यावरून दोन महिने घरात दोन पक्ष पडले होते. दादाला हवी होती सात माणसांची, रस्ताभर पसरणारी एसयूव्ही. त्याच्या मुलाला, नितीनला, हवा होता पिकअप. नितीन बरुआसागरला आल्याची शेती करतो आणि भाड्याचा टेंपो शोधण्यात त्याचा रोज अर्धा दिवस जातो. बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हा दादाचा फोन आला. "तू ये. तू म्हणशील ती गाडी," म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं माझं एक ऐकलेलं नाही, म्हणून मी ताबडतोब तिकीट काढलं.

स्टेशनवर दादा आणि वहिनी दोघं आले होते. दादा अजून ताठ चालतो. घरी जाताना जुन्या गाडीत तो चालवायला, वहिनी त्याच्या शेजारी आणि मी मागे. गाडी हलली आणि वहिनी बोलू लागली.

"सायकल."

"सायकल," दादा म्हणाला.

"डावीकडे गाय."

"गाय."

"मोकळं."

"मोकळं."

मला हसू आवरेना. दादानं ऐटीत समजावलं, की इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी सिग्नल मोठ्यानं बोलायचा असतो. एकानं म्हणायचा, दुसऱ्यानं परत म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. "आता या वयात हिला असिस्टंट व्हायची हौस आलीय," तो म्हणाला. वहिनी हसली नाही. ती रस्त्याकडेच बघत होती.

घरी गरम मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) आणि झणझणीत हिरवी चटणी होती. खाणं उत्तम, पण हवा तंग. दादा नितीनला जे सांगायचं ते वहिनीला सांगे, आणि नितीन बापाला जे सांगायचं ते मला.

"आत्या, तू पापांना समजाव ना. मला माल न्यायचा आहे, बारात नाही."

"त्याला सांग," दादा वहिनीकडे बघून म्हणाला, "माझ्या घरची माणसं मालाच्या गाडीतून हिंडणार नाहीत. दिवाळीला मी सगळ्यांना घेऊन भुसावळला जाणार. स्वतः चालवत."

भुसावळचं नाव ऐकून मी मनातून एसयूव्हीच्या बाजूला झुकले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमला गेलो. तिथले विक्रेते तिवारीजी पन्नाशीचे, गोड बोलणारे. आधी पिकअप. नितीन चालवत होता, मी शेजारी, आणि दादा रुसल्यासारखा बाहेरच उभा. मागचा हौदा रिकामा, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात गाडी उडत होती आणि माझे मणके मोजले जात होते. "माताजी, खाली है इसलिए उछल रही है. माल भरिए, फिर देखिए, एकदम मक्खन," आम्ही उतरल्यावर तिवारीजी म्हणाले. नितीनचा चेहरा मात्र असा खुलला होता, की मला त्याचं लहानपण आठवलं.

मग एसयूव्ही. पायरी एवढी उंच की मला हात द्यावा लागला. आत गेल्यावर मात्र गच्चीवर बसल्यासारखं वाटलं, सगळं जग खाली. दादानं बरुआसागरपर्यंत चालवून बघायची परवानगी मिळवली. वहिनी सवयीनं पुढच्या दाराशी गेली, तशी मी तिला अडवलं.

"निवाडा मी करायचा आणि मीच मागे? आज मी पुढे."

"वन्सं, मला मागे मळमळतं," वहिनी म्हणाली. तिचा हात दारावरून निघेना.

"एवढ्या मोठ्या गाडीत कसलं मळमळतंय," असं म्हणत मी चढून बसलेसुद्धा. माझा हट्टीपणा घरात प्रसिद्ध आहे. वहिनी, नितीन आणि तिवारीजी मागे बसले.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना दगडी टेकड्या, मध्ये शेतं, वर स्वच्छ ऊन. दादा खूश होता. मी पुढे बसून खिडकीबाहेर बघत होते. मागून वहिनीनं दोनदा "ट्रॅक्टर", "मोकळं" असं म्हटलं, पण तिवारीजींचं इंजिनाचं कौतुक चालू होतं, त्यात ते बुडालं.

पुढे रस्त्याच्या डाव्या कडेनं एक माणूस सायकलवर दुधाचे कॅन लटकवून चालला होता. मला तो बराच लांबून दिसत होता. रस्ता सरळ आणि मोकळा. दादा गाडी थोडी उजवीकडे घेईल, असं मला वाटलं. त्यानं घेतली नाही. उलट गाडी डावीकडेच सरकू लागली. तरी मी गप्प, कारण आयुष्यभर इंजिन चालवलेल्या माणसाला मी काय सांगणार.

"डावीकडे," वहिनी मागून किंचाळली. "अहो, डावीकडे."

ब्रेक लागला आणि मी पट्ट्यात अडकून पुढे गेले. आरसा कॅनला घासला, सायकल रस्त्याखाली उतरली, माणूस गवतात पडला आणि दूध मातीतून वाहू लागलं. आम्ही धावलो. देवाची कृपा, कोपर सोलण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं.

"काय बब्बा, दिखात नइयाँ का?" तो दादाला म्हणाला. "हम तो सूदे जा रए ते." (आजोबा, दिसत नाही का? मी तर सरळ चाललो होतो.)

दादानं हात जोडून माफी मागितली. नितीननं कॅन उचलले, भरपाई दिली. दादा पुन्हा चालवायला बसणार, तोच वहिनी माझ्या जागेवर जाऊन बसली. मी निमूट मागे गेले. उरलेला रस्ता तिनं प्रत्येक बकरी मोठ्यानं सांगितली आणि दादानं प्रत्येक बकरी परत म्हटली. आता मला हसू येत नव्हतं.

बरुआसागरला तलावाच्या बांधावर थांबलो. समोर पाणी, वर जुना किल्ला. एरवी मी त्याचं चार ओळी तरी वर्णन केलं असतं. तिवारीजी आरशावरचा ओरखडा पुसत होते. वहिनीनं मला बाजूला नेलं.

"उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली होती. दोन तासांत बरे झाले, डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. तेव्हापासून ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. मी विचारलं तर ओरडतात. म्हणून मग हे सुरू केलं."

"आणि नितीन?"

"त्याला नाही सांगितलं. गाडी सुटली तर हे जगतील कसे, वन्सं?"

आम्ही दोघी गाडीपाशी परत आलो तर दादाचं मत बदललेलं. "या एसयूव्हीचा पुढच्या काचेशेजारचा खांब जाड आहे. डावीकडचं झाकतो," तो चक्क नितीनला म्हणाला. "पिकअपच बरा. त्यातून मोकळं दिसेल."

नितीननं माझ्याकडे बघितलं. "तो बात पक्की ना, आत्या? पिकअप?"

मी 'हो' म्हटलं असतं तर त्याच क्षणी घरात समेट झाला असता. दादाला गाडी, नितीनला पिकअप, मला श्रेय. फक्त रस्त्यावरच्या कुणाचा तरी जीव गेला असता, किंवा माझ्या भावाचा. मी घाबरले होते. उत्तर न देता दादाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, हातभर अंतरावर. त्याच्याशी कसं बोलावं ते जुळवत होते. तो किल्ल्याकडे बघत होता.

थोड्या वेळानं त्यानं वहिनीला विचारलं, "ही कुठे गेली?"

नितीनचा चेहरा उतरत गेला.

"दादा, मी इथेच आहे," मी म्हटलं. "मघापासून."

त्यानं मान वळवून मला बघितलं. मग आपला हात डोळ्यांसमोर धरला, हळूहळू डावीकडे नेला आणि एका जागी थांबवला. मग परत आणला, परत नेला. दर वेळी हात तिथेच थांबत होता. नोकरीत असताना डोळ्यांची तपासणी त्यानं कितीदा दिली होती. आपण नापास झालो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खांबाचा दोष नाही," तो म्हणाला आणि त्यानं किल्ली नितीनच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. चक्कर म्हणजे मेंदूतला छोटा झटका होता. डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं परत दिसेल याची खात्री नाही. औषधं नियमित घ्यायची, गाडी चालवायची नाही. दादा दोन वेळा जेवला नाही. मी स्वतःला दूषणं देत बसले. तिसऱ्या वेळी तो ताटावर आला आणि नितीनला म्हणाला, "मेडिकलमध्ये नापास झालेल्या ड्रायव्हरला रेल्वे दुसरं काम देते. तू मला काय देतोस?"

"मंडी में चलो, पापा," नितीन म्हणाला. "तुमच्याशिवाय मला भाव नाही जमत." पिकअप त्याच संध्याकाळी ठरला.

निघायच्या दिवशी दादा फलाटापर्यंत आला. झाशीहून मी गाडी पसंत करून परत निघाले होते, आणि माझ्या भावाची गाडी कायमची काढून घेऊन. हे दुसरं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. करायलाच हवं होतं, तरी ते माझ्या हातून झालं याचं दुःख अजून आहे. मी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले.

"इकडे नको," तो म्हणाला. "डावीकडे ये. मला मान वळवायची सवय करायचीय."

मी डावीकडे गेले. त्यानं सावकाश पूर्ण मान वळवली, आणि मी सापडले.