लाउरिट्सच्या दारावरची कमान

आमच्या डॅनिश वसाहतीत कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की पहाटे शेजारी त्याच्या दारावर हिरवी कमान बांधतात. सरूच्या फांद्या, कागदी गुलाब, वर चांदीच्या कागदाचे आकडे. बाहेर हातोडे बडवले जातात, शिडी धडपडते, कुत्री ऊर फुटेस्तोवर भुंकतात, आणि नवरा-बायकोने मात्र आत गाढ झोपल्याचं सोंग करायचं. मग गाणं सुरू झालं की दोघांनी हातात हात घालून कमानीखालून बाहेर यायचं आणि सगळ्यांना कॉफी पाजायची. आमच्या आईबापांनी अर्जेंटिनातल्या ट्रेस आरोयोसच्या या सपाट मुलखात पाऊल ठेवलं तेव्हा ट्रंकेत फार काही नव्हतं, पण ही रीत होती.

कमान बांधावी ती लाउरिट्सनेच. धंदा तारेच्या कुंपणाचा. मैलोन्मैल तारा ताणून बोटं अशी झालेली की पक्कड घरी विसरला तरी काम अडायचं नाही. उंच, वाकलेला, बोलायला कंजूष. पण कमानीच्या बाबतीत भलता कडक. "बांधणाऱ्यांनीच उतरवायची," असं तो दर वेळी बजावायचा. "घरच्यांनी हात लावायचा नाही. आपल्या मानाला आपणच कसा हात लावायचा?"

त्याच्या स्वतःच्या पंचविशीचा विषय काढला की तो तार शोधायला निघून जायचा. आम्हाला वाटायचं, लाजतो बिचारा. त्याची बायको आस्टा तर चर्चमध्येही मागच्या बाकावर, दाराजवळ बसायची. मूलबाळ नव्हतं. मी शेजारीण, कुंपणावरून रोजचं बोलणं, पण तिने कधी माहेरचं नाव काढलं नाही.

हे सगळं उकरलं ते मारेनबाईंनी. वसाहतीतल्या सगळ्यांत जुन्या त्या, आणि नाक सगळ्यांत लांब. एका बारशात लाउरिट्सला दोन पेले जास्त झालेले पाहून त्यांनी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"तारीख सांग रे. बायकोला भेटलास ती नाही, लग्नाची."

"कशाला हवीय?"

"माझ्या थडग्यावर कोरायला! सांगतोस की आस्टाला विचारू?"

आस्टाचं नाव निघताच तो घाबरला. "चौदा नोव्हेंबर," म्हणाला. "इकडे आलो त्याच साली."

झालं. मारेनबाईंनी वर्षं मोजली, पंचविसावं तोंडावरच होतं. आम्ही गुपचूप फांद्या तोडल्या. मारेनबाईंनी बदाम घातलेला मोठा केक भाजला. माझ्या नवऱ्याने, आयनारने, आठवडाभर ट्रम्पेट वाजवून आमच्या गाईंचं दूध आटवलं. लाउरिट्सशिवाय कमान बांधायची म्हणजे आमची परीक्षाच होती. ती जरा डावीकडे कलली, पण उभी राहिली. पाद्रीबाबाही आले होते.

गाणं संपलं. दार उघडलं. लाउरिट्स काळा कोट घालून तयार होता. हसायचा प्रयत्न करत होता. तो कमानीखाली आला आणि त्याने मागे हात केला. आस्टा उंबऱ्याच्या आत थांबली.

"चल, आस्टा," तो हळू म्हणाला. "दोनच पावलं आहेत."

"नाही."

"लोक बघतायत गं."

"म्हणूनच."

मग तिने आमच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. "आमचं लग्न झालेलं नाही," ती म्हणाली. "माझा नवरा तिकडे डेन्मार्कात, युटलंडात आहे. त्याने मला सोडलं नाही, मी त्याला सोडलं. लाउरिट्स त्याच्याकडे गडी होता. चौदा नोव्हेंबरला आमची बोट ब्यूनस आयर्सला लागली. बाकी त्या तारखेत काही नाही. इतकी वर्षं तुमच्या दारात गाणी म्हटली, पण या कमानीखालून खोटं चालत येणं मला जमायचं नाही. माफ करा."

लाउरिट्सचे कान लालभडक झाले. त्याने पुढे केलेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो वर नेला आणि कमानीची एक सुटत आलेली तार पिळून घट्ट केली. ते बघवेना. पाद्रीबाबा टोपीच्या आत काहीतरी शोधत होते. आयनारने ट्रम्पेट पाठीमागे लपवलं, जसा काही सगळा दोष त्या ट्रम्पेटचाच होता. मारेनबाई केक छातीशी धरून आल्या तशा परत फिरल्या. कुणी कॉफीचं विचारलं नाही, कुणी मागितली नाही. आमच्यात मयताच्या घरूनही कुणी कॉफीशिवाय परत जात नाही.

कमान तिथेच राहिली. उतरवायला जायचं तर काहीतरी बोलावं लागणार, आणि पहिला शब्द कुणी काढायचा? उन्हाळा गेला. सरू वाळून तांबडा झाला, गुलाब विटले. दुसरा कुणी असता तर एका हिसक्यात ती पाडून चुलीत घातली असती. पण लाउरिट्स आपल्याच नियमात अडकला होता. तिच्याखालून जाववेना आणि तिला हातही लाववेना. दोघं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ये-जा करू लागली, आपल्याच घरात चोरासारखी. चर्चला येणं बंद. कुंपणाशी आस्टा दिसली की मी हवेबद्दल बोलायची आणि तीही हवेबद्दल बोलायची.

जून उजाडला. इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, वरून झड लागलेली. आणि आमची पंचविशी आली. पहाटे मी आणि आयनार डोळे मिटून पडलो होतो. बाहेर नुसता गोंधळ. काहीतरी धाडकन पडलं. मारेनबाईंचा आवाज आला, "अरे गाढवांनो, ती कमान आहे की कोंबड्यांचं खुराडं?" आयनार पांघरुणात तोंड खुपसून हसत होता.

मग एकदम सगळं शांत झालं. फक्त पकडीचा आवाज. तार पिळायची, तोडायची, पुढची घ्यायची. आयनारचं हसू थांबलं. आम्हा दोघांनाही ते हात ओळखू आले.

गाणं सुरू झालं आणि आम्ही दार उघडलं तेव्हा कमान सरळ, तिची प्रत्येक फांदी बसलेली. लाउरिट्स नव्हता.

"काम झालं आणि गेला," मारेनबाई म्हणाल्या. त्यांचं ते लांब नाक लाल झालं होतं. "गाण्याला थांब म्हटलं, तर म्हणाला, माझ्यासारख्याने कसं थांबायचं?"

मी आयनारचा हात धरून कमानीखालून बाहेर आले, ती थांबलेच नाही. "शिडी घ्या," मी म्हटलं. "कॉफी नंतर."

नव्या पोशाखात, चिखल तुडवत आम्ही सगळे लाउरिट्सच्या दारी गेलो. आयनार शिडीवर चढला. फांद्या हात लागताच कडाकडा मोडत होत्या. मारेनबाईंनी खाली पडलेले गुलाब एकेक करून वेचले आणि आपल्या ओच्यात भरले. आतून काही आवाज नव्हता, पण पडद्यामागे दोघं उभी होती ते दिसत होतं.

चौकट मोकळी झाली. मी दारावर टकटक केली. कडी सरकली, दार मात्र उघडेना. पावसाने फुगलं होतं, आणि इतके महिने कुणी उघडलंच नव्हतं.

"बाहेरून ढकला," आतून आस्टा म्हणाली.

आम्ही ढकललं. दार करकरत उघडलं. लाउरिट्स मान खाली घालून उभा होता, हातात अजून पक्कड. आस्टाने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे.

"या," ती म्हणाली. "पुढच्याच दाराने या."