ओलीचा कोपरा

आमच्या पेणकडच्या मिठागरांच्या गावात खारा वारा दारातली तुळससुद्धा धड जगू देत नाही. तिथे माझी चुलती येसूबाई घरात पानवेल वाढवायला निघाली, तेव्हा मी तिच्या तोंडावर हसले होते.

वेल आणली होती तिच्या एकुलत्या एक लेकीने, कमळने. कमळ चौलला दिलेली, सासरी सुपारीची वाडी. छप्पन सालच्या दिवाळीला ती माहेरी आली ती पोटुशी, आणि हातात मातीच्या मडक्यात लावलेली वेल. "आये, हिला ऊन नको, वारा नको. वल मात्र हटता कामा न्हाय. बाळंतपणाला येईन तवर जगव. इड्याला घरचीच पानं होतील," म्हणाली.

पौषात चौलहून माणूस आला. कमळ तापाने गेली होती, पोटातल्या जिवासकट.

काकी तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. चौथ्या दिवशी उठली, ती वेलीसाठी. मडकं तिने पाण्याच्या माठांपाशी ठेवलं, भोवती ओलं धडुतं लावलं. पण माघातल्या कोरड्या वाऱ्याने पानं आक्रसायला लागली. काकी वेड्यासारखी घरभर जमीन चाचपत फिरायची, कुठे ओल सापडते का म्हणून.

सापडली. माजघराच्या कोपऱ्यात मिठाची गोणी होती. धर्माकाका मिठागरावर कामाला, दरसाल एक गोणी घरी यायची. कच्चं मीठ पाझरायचं, खालची जमीन सदा भिजलेली असायची. काकीने मडकं तिथे नेलं. आठवड्यात पानांच्या कडा काळ्या पडल्या. तिला वाटलं, ओल अजून कमीच पडतेय. मडकं गोणीला अगदी टेकवलं. सरकवायला मीही हात लावला. अक्कल माझीही गहाण पडली होती.

मिठाचा हंगाम ऐन भरात; काका अंधारात जायचा, अंधारात यायचा. होळीच्या सुट्टीला दिवसाउजेडी घरी राहिला, तेव्हा त्याला ती काडी झालेली वेल दिसली. मिठागरातलं पाणी चाखायची सवय. चिमूटभर माती त्याने जिभेला लावली आणि तिथेच बसला.

"मिठापाशी कुनी ठेवली गो?"

"वल होती तितं."

"मिठाचीच वल ना ती! खारं पानी शेतात शिरू नये म्हनून जलमभर बांध घातले आपन!"

काकीनेही माती जिभेवर ठेवली. बराच वेळ ती तशीच तोंडात धरून होती. मग म्हणाली, "एवढंच सांगून गेली होती पोर. तेवढंही माज्यानं झालं न्हाय."

गोणी तिने स्वतः ओढत नेऊन खाडीत ओतली. नवी घरात येऊ दिली नाही. काका आमच्याकडे जेवू लागला. मी कालवण पाठवलं की काकी वाटी तशीच परत करायची.

बासष्ट साली ती गेली. तोवर अळणीच जेवत होती.