पिठलं-भाकरीच्या जागी मसालेभात

मंडळी, आज सकाळी आमचे चुलते गेले. तात्या.

आमचं गाव नाशिकच्या अगदी कडेला. पूर्वी सगळ्या द्राक्षबागा, आता लग्नाची लॉन्स. त्यातलं एक माझंच. गावात मयत झालं की सगळ्यांची कामं बंद. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी जाते. ही आमची रीत.

पण आज माझ्या लॉनवर दुपारचं लग्न होतं. मुलीच्या बापाला कुठल्या तोंडाने थांबा म्हणणार? तात्यांना नेताना बँड तेवढा थांबवला. वऱ्हाडी हात जोडून उभे राहिले. आम्ही पुढे गेलो आणि बँड परत सुरू झाला.

स्मशानातून आलो तर काकूंकडे जेवणच पोहोचलं नव्हतं. शेजारच्या बायका कोणी गोडाऊनला पॅकिंगला, कोणी माझ्याच लॉनवर वाढायला. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने नेलं असेल.

शेवटी लग्नाच्या स्वयंपाकातूनच डबा भरला. जिलेबी तेवढी मी बाजूला काढली.

काकूंनी मसालेभाताचा घास घेतला आणि विचारलं, "कोणाची पोर हाय रे आज?"

मला नवरीचं नावही सांगता आलं नाही. आमच्याच जमिनीवर लग्न, आणि कोणाचं ते ठाऊक नाही.

खूप दमलोय. एवढंच सांगा, तुमच्या गावात उद्या कोणी गेलं, तर भाकरी कोण थापणार?