शेपूट टेकेपर्यंत

आमच्या माळावर विमान जेवढं उडालं असेल, त्याच्या दसपट आम्ही त्याच्याबद्दल बोललोय. एखाद्या लग्नात मी आणि पुंडलिक शेजारी बसलो की पंगत उठून जाते, आमचं विमान काही उतरत नाही. ऐकणारे कंटाळतात. पण आता तो माळही नाही आणि ते विमानही नाही. किस्से उरले, आणि दर वर्षी त्यांत एखादा नवा आठवतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. खामगावजवळच्या माळावर एका छोट्या फ्लाइंग क्लबनं विमान आणून ठेवलं होतं. शेजारी-शेजारी दोन सीट, कापडी पंख, दोन चाकं पुढे आणि एक इवलंसं शेपटीखाली. शिकवायला भालेराव सर, धामणगाव बढ्याचे. लढाईच्या काळात विमानं दुरुस्त करायला गेले आणि उडवायला शिकून आले. मशीन बघायला रहीमचाचा. शिकणारे आम्ही दोघं : मी उंद्रीचा, पुंडलिक जळगाव जामोदचा.

*

शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर उभं असलं की त्याचं नाक आभाळाकडे असतं. सीटवरून समोरचं काही दिसत नाही. म्हणून नागमोडी जायचं. एकदा डाव्या खिडकीतून वाट पाहायची, एकदा उजव्या. सरांनी मला पहिले आठ दिवस तेवढंच करायला लावलं. उडणं नाहीच.

नेमके त्याच आठवड्यात माझे वडील पोरगा कसा उडतो ते पाहायला दोन बस बदलून आले. सकाळभर बाभळीखाली बसून त्यांनी मला माळावर इकडून तिकडे वळवळताना पाहिलं. मी खाली उतरलो तेव्हा शांतपणे म्हणाले, "हेच करायचं होतं त बैलबंडी घरीच होती ना."

*

या विमानाचं वजन चाकांच्या मागे असतं. टेकल्यावर जरा वाकडं गेलं की शेपूट पुढे यायला बघते. तिला पायाखालच्या पेडलनं सतत आवरावं लागतं.

पुंडलिक एकदा असा अलगद टेकला की रहीमचाचानं पाना खाली ठेवून पाहिलं. त्या आनंदात पुंडलिकनं पाय ढिले सोडले. विमानानं गिरकी घेतली. धूळ बसली तेव्हा ते जिकडून आलं तिकडेच तोंड करून उभं होतं.

सर सावकाश चालत गेले. पुंडलिक घामानं भिजला होता.

"काऊन पुंडलिक, काही विसरला का तिकडे?"

मग पंखावर हात ठेवून म्हणाले, "चाकं टेकली म्हणजे उतरलो नाही बाबू. विमान थांबवून दोरीनं बांधलं, म्हणजे उतरलो."

*

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आमच्याकडे होती, पण ती फाटली होती. सरांचा भरवसा गोदाबाईवर होता. माळाला लागून तिचं खळं. ती तिवईवर उभी राहून ज्वारी उपणायची. भुसा कुठं पडतो ते सर पाहायला लावायचे.

एके दिवशी मी इंजिन सुरू करून बसलो होतो. ऊन छान होतं. सर खळ्याकडे पाहत होते. एकाएकी त्यांनी हात वर करून इंजिन बंद करायला लावलं.

"काय झालं सर?"

"गोदाबाई खाली उतरल्या. आपणही उतरा."

पाचच मिनिटांत आडव्या वाऱ्यानं आमचा तंबू पडला.

*

पहिल्यांदा एकटा उडालो तेव्हा सरांनी काही सांगितलं नाही. इंजिन चालू असतानाच दार उघडून ते उतरले आणि चालायला लागले. त्यांच्या वजनाशिवाय विमान लवकरच उचललं गेलं. वर गेल्यावर खाली कपाशीची शेतं, दूर सातपुड्याची निळी रेघ. मी उजवीकडे वळून म्हणालो, "सर, बघा."

शेजारची सीट रिकामी होती. तशी रिकामी सीट मी पुढे बऱ्याचदा पाहिली, पण ते बोलणं पुन्हा कधी तोंडून गेलं नाही.

*

लायसन्स मिळालं की माणूस शहाणा होतो. हंगामात मी महिनाभर फिरकलोच नाही. परत आलो ते थेट लांब जायचं म्हणत. सरांनी वेगाचा काटा कागदानं झाकला आणि म्हणाले, "आधी माळाभोवती सहा चकरा. सहा लँडिंग."

"सर, मला येतं ते."

"तुले येते. तुया पायाले विचारलं का?"

पहिली तीन लँडिंग मी सांगणार नाही. पुंडलिक सांगतो.

*

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सरांचं हृदय तपासलं आणि विमान चालवायला मनाई केली. सर मात्र रोज सकाळी माळावर यायचे. बांधलेल्या विमानात बसून वाऱ्याकडे बघत पेडल हलवायचे. डावा, उजवा, डावा. रहीमचाचा त्या वेळी दुसरीकडेच काम काढायचा.

मग क्लब बंद झाल्याचं पत्र आलं. विमान नागपूरला जाणार होतं. आदल्या दिवशी मी सरांना म्हणालो, "सर, चला. मी चालवतो, तुम्ही नुसते बसा."

ते म्हणाले, "तू पंख तपास. मी बसतो."

मी पंख तपासून आलो तोवर रहीमचाचानं त्यांना बसवून दिलं होतं. गुडघ्यांवरून पार खालपर्यंत घोंगडी टाकलेली. दोन्ही हात मांडीवर.

धामणगाव बढ्यावरून आम्ही दोन चकरा मारल्या. सर खिडकीला कपाळ लावून होते. एकदाच म्हणाले, "आमची विहीर दिसते का रे?" मला दिसली नाही. मी "हो" म्हणालो.

परतताना वारा आडवा झाला. एवढ्या आडव्या वाऱ्यात मी एकटा कधी उतरलो नव्हतो. दोन्हीकडची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे शिकताना लँडिंग माझं झालं की सरांचं, हे मला कधीच कळलं नव्हतं. त्या दिवशी एक चाक टेकलं, दुसरं टेकलं, शेपूट बसली. ती एकदा उजवीकडे निघाली आणि जागेवर आली. विमान सरळ रेघेत थांबलं.

मी इंजिन बंद केलं. "सर, खरं सांगा. शेवटी तुम्ही पाय लावलात ना?"

सर समोर पाहत होते. डोळे भरलेले होते.

"आधी हे सोड," ते म्हणाले.

मी घोंगडी बाजूला केली. रहीमचाचाच्या गमछ्यानं त्यांचे दोन्ही पाय घोट्यापाशी एकत्र, घट्ट बांधलेले होते.