उजव्या दाराची खिडकी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसलो होतो. ती भाजी निवडत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी भलतंच बोललो. दुकानाच्या शटरला ग्रीस लावायचं राहिलंय, असलं काहीतरी. ओठापर्यंत आलेली गोष्ट माणूस किती सहज गिळतो, नाही?

भंडाऱ्यात माझं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. मोहाडीला आमच्या घरी माग होते. वडिलांपर्यंत सगळे विणकर, मीच काचेत पडलो. ट्रकची समोरची काच असो की कारच्या दाराची, या भागात लोक माझंच नाव घेतात. मला त्याचा गर्व होता. त्या गर्वाबद्दलच सांगायचंय खरं तर. पण आधी रवीबद्दल सांगतो.

रवी माझा शाळेपासूनचा मित्र. जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत वाढलेला. मोठा झाल्यावर तो त्याच फॅक्टरीच्या लोकांना आणणारी-नेणारी ठेक्याची बस चालवू लागला. आठवडाभर बस — हळू, सांभाळून, एकालाही धक्का लागू न देता — आणि रविवारी त्याला वेग हवा असायचा. त्यानं एक जुनी छोटी कार घेतली होती. चालवायची एक सोडून आतल्या सीटा, गालिचे, होतं नव्हतं ते सगळं उपसून काढलं, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, आणि नागपूरच्या पलीकडं एका खाजगी ट्रॅकवर तो ती पळवायला न्यायचा. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. जिंकलं तर एखादा कप. पण तिथून परत येताना त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. चाळिशीचा माणूस, आणि नुकतीच सायकल शिकल्यासारखा.

गाडी हलकी करायची म्हणून त्याला दारांच्या काचा काढून प्लास्टिकच्या खिडक्या बसवायच्या होत्या. काच जड असते, तिला वरखाली करणारं यंत्र त्याहून जड. नागपुरातून त्यानं पॉलीकार्बोनेट आणलं. पॉली म्हणायचो आम्ही त्याला. ते काचेसारखंच दिसतं, पण हातोडा मारला तरी फुटत नाही, फार तर खड्डा पडतो. दोन दारांना पुरेल एवढंच होतं. माझ्यापुढं ठेवून तो म्हणाला, "एक काम करजो. याले थिनर नको लावजो. साबणाच्या पाण्यानं पुसजो फक्त. थिनरनं हे खराब होते म्हणतात."

मी हसलो. म्हणालो, "तू मले काच शिकवून राहिला का बे?"

तो पण हसला. गोष्ट तिथंच संपली — असं त्याला वाटलं.

जुन्या काचा काढून मी त्यांच्यावरून पुठ्ठ्याचे नमुने कापले, नमुन्यांवरून पॉली कापलं. डाव्या दाराचं छान बसलं. उजव्या दाराच्या तुकड्यावर मार्करच्या रेघा आणि वर लावून आलेल्या कागदाचा चिकटा राहिला होता. हात आपोआप थिनरच्या डब्याकडं गेला. आपोआप, म्हणतो मी. पण ते खरं आहे का? रवीचं बोलणं मला आठवत होतं. मला आठवत होतं, म्हणूनच मी पुसलं. बघू काय होतं, असं मनात होतं. मला काच शिकवतो!

थोड्या वेळानं बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा उमटल्या. मग त्या पसरल्या. कडेचा भाग दुधासारखा धुरकट झाला. मी हातानं जरासा वाकवला, आणि जो तुकडा हातोड्याला दाद देत नाही, तो कडकन तुटला.

दुसऱ्या दिवशी त्याची शर्यत होती. चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरचा रविवार. ट्रॅक, नाव, सगळं ठरलेलं.

आता तुम्ही मला विचाराल — मग जुनी काच परत का नाही लावलीस? ती तिथंच होती. भिंतीला टेकवून ठेवलेली, धड, तिच्या यंत्रासकट. मला ते काम डोळे मिटून आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं, की तू नको म्हणालास तेच मी केलं. काचवाल्यानं, ज्याच्याकडं अख्खा जिल्हा येतो त्यानं, एका बस ड्रायव्हरचं ऐकलं नाही आणि तोंडघशी पडला. हे एवढंसं वाक्य. त्याच्यासमोर हे एवढंसं वाक्य मला म्हणायचं नव्हतं.

दुकानात अ‍ॅक्रिलिक होतं. दुकानांच्या पाट्यांना लावतात ते. जाडी तीच, चमक तीच. फरक एवढाच, की ते काचेसारखं फुटतं. काचेसारखं नाही, काचेहून वाईट. गाडीच्या दाराची काच फुटली की तिचे बोथट दाणे होतात. याचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. हे मला माहीत होतं. माझा धंदाच तो आहे.

मी ते कापलं आणि उजव्या दाराला बसवलं. तो बसायचा त्या दाराला.

त्याच दुपारी रवी गाडी घ्यायला आला. बरोबर संगीता वहिनी होत्या. त्यांना हा सगळा प्रकार पसंत नव्हता, पण नवऱ्याचा आनंद बघून गप्प असायच्या. त्यांनी खिडकीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "भाऊजी, हे फुटत तं नाही ना?"

इथं तरी सांगता आलं असतं. इतकं सरळ कोणी कधी विचारतं का? मी काय केलं — टेबलावर उरलेली पॉलीची पट्टी घेतली, खऱ्या पॉलीची, आणि तिच्यावर हातोडा हाणला. पट्टी उडाली, खाली पडली, फुटली नाही. रवी टाळी वाजवून हसला. वहिनी पण हसल्या. "आता कसं," म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना खोटा शब्द एकही बोललो नाही. नुसता हातोडा मारला.

रविवारी मीही बरोबर गेलो. ट्रॅकवर ऊन मी म्हणत होतं. बंद खिडक्या, आत एसी नाही, अंगात जाड सूट. रवीनं हेल्मेटची काच वर केली असणार. एका वळणावर गाडीची मागची चाकं घसरली आणि ती उजव्या अंगानं टायरांच्या भिंतीवर आदळली. जोराची नव्हती धडक. आम्ही पळत गेलो तेव्हा मला वाटलं, आता हा शिव्या घालत बाहेर येईल. तो बाहेर आला. हात चेहऱ्यावर होता, आणि बोटांमधून...

ते मी नाही लिहीत.

त्याला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून लोक गेले. मी थांबलो. गाडी आणतो म्हणालो. सगळ्यांना वाटलं, किती करतो मित्रासाठी. मी सीटवरचे, फरशीवरचे तुकडे एकूण एक गोळा केले आणि पोत्यात भरले. डावी खिडकी तशीच होती, तिच्यावर ओरखडा नव्हता. ती कोणी ठोकून पाहिली असती तर विचारलं असतं, की ही का नाही फुटत? म्हणून मी तीही बोल्ट खोलून काढून घेतली. एकही बोल्ट माझ्या हातातून निसटला नाही. हेच मला आजही सगळ्यात वाईट वाटतं.

उजवा डोळा गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तं हातोडा मारून दाखवला होता."

मी म्हणालो, "वहिनी, त्यानं हेल्मेटची काच वर केली होती. खाली असती तं काहीच झालं नसतं."

हेही खरंच होतं. बघा, मी किती खरं बोलतो. त्यांनी मान खाली घातली. पुढं रवीनंही तेच धरलं. माझीच चूक, म्हणाला. काच वर केली, नशिबानं एकच गेला. एका डोळ्यानं बस चालवायला कोण देणार? बस गेली. आता तो मोहाडीला एका राइस मिलच्या गेटवर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना हात दाखवतो — मागं घे, थोडं अजून, बस. वहिनी मला अजून चहा देतात. पण तेव्हापासून त्यांनी मला एकही गोष्ट विचारलेली नाही. तुमच्या घरचे बरे आहेत का, एवढंसुद्धा नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण गेल्या थंडीत रवी म्हणाला, चाल ना, एकदा ट्रॅक पाहून येऊ, नुसतं बसू. मी त्याला घेऊन गेलो. तिथली तरुण पोरं त्याला ओळखत होती, भोवती जमली. तो त्यांना सांगू लागला, की बाबांनो, हेल्मेटची काच खाली ठेवा, पॉलीच्या भरवशावर राहू नका, पॉली बी फुटते. त्यांच्यात नागपूरचा एक जण होता, अशा गाड्या बांधून देणारा. तो म्हणाला, "काका, पॉली तसं फुटतच नाही. काहीतरी दुसरं असेल."

रवीला राग आला. इतका चिडलेला मी त्याला डोळा गेला तेव्हाही पाहिला नव्हता. "मी का खोटं बोलून राहिलो? माह्या डोळ्यात गेलं ते!" पोरं एकमेकांकडं बघू लागली. एक जण गालात हसला. आणि रवी माझ्याकडं वळला. "सांग ना याले. तूच लावलं होतं ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तो नागपूरवाला सुद्धा. त्याला समजलं होतं बहुतेक. कारागीर कारागिराला ओळखतो.

मी म्हणालो, "फुटते. कधी कधी फुटते."

पॉली नव्हतंच ते. रवी, संगीता वहिनी, तो नागपूरवाला, कोणासमोर मी हे म्हटलेलं नाही. इथं लिहिलं. उद्या जाऊन त्याला सांगेन, असं मात्र लिहीत नाही. मी स्वतःला ओळखतो.

परत येताना रवी माझ्या शेजारी डाव्या सीटवर बसला होता. मोठ्या आनंदात होता. बराच वेळ बाहेरची धानाची कापलेली रानं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं तू होता संग. नाही तं खोटाच ठरवला असता मले त्यानं."

मी त्याच्या उजव्या बाजूला. माझ्याकडं बघायचं तर त्याला अख्खी मान वळवावी लागते. त्यानं ती वळवली आणि माझ्याकडं बघून हसला. मी समोरच्या रस्त्याकडं बघत होतो.