न्हाणीच्या लाइनीत उगवलेली हळद

सत्तरच्या दशकात आमच्या कुरुंद्यात घरात संडास असणं म्हणजे नवलच. आमच्या यजमानांनी हट्टाने तो बांधला आणि वर्षाच्या आत तुंबला. सासऱ्यांना निमित्तच हवं होतं. "घरात घाण कशाला? मातीनं बुजवून टाका," असं त्यांनी फर्मान काढलं. वसमतचा मिस्त्री आला तेव्हा ते फावडं घेऊनच उभे होते. बुजवला असता तर आम्हा सासवासुनांना पुन्हा अंधारात ओढ्याकाठी जावं लागलं असतं. मला असा राग आला होता! पण सासऱ्यांपुढे बोलायची सोय कुठे होती?

मिस्त्रीने चेंबरमधलं पाणी उपसलं आणि म्हणाला, "खोदायच्या आधी बघू तर खरं. घरात आरसे हायेत का?" मी माझा कुंकवाचा आणि यजमानांचा दाढीचा आरसा आणून दिला. न्हाणीची आणि संडासाची लाइन एकच, ती पुढे मैल्याच्या टाकीत जायची. यजमान टाकीकडच्या चेंबरपाशी बसून एका आरशाने उन्हाची तिरीप पाइपात सोडू लागले. न्हाणीजवळच्या चेंबरमध्ये दुसरा आरसा तिरपा धरून आत बघायचं होतं. चेंबरचं तोंड अरुंद, मिस्त्रीचा हात काही आत वळेना.

"ताई, तुमीच धरा. उजेड पुरा गोल दिसला तर लाइन साफ. अर्धा दिसला तर आत काहीतरी बसलंय."

आधी मला माझंच नाक दिसलं. हात जरा कलता केला तेव्हा पाइप दिसू लागला. उजेड जेमतेम नखाएवढा. खाली चिखल साचला होता आणि त्यातून कोंब वर आले होते.

"अगं बाई, आतमधी हळद उगवलीय!" मी ओरडलेच.

सासऱ्यांनी हळूच फावडं भिंतीला टेकवलं. न्हाणीत नवी फरशी झाली म्हणून त्या वर्षी हळदीचं बेणं त्यांनी तिथेच धुतलं होतं. माती, मुळ्या, बारके कंद, सगळं भोकात गेलं होतं.

"मामा, वावर कमी पडलं काय?" मिस्त्रीने विचारलं. आम्ही सासवासुना तोंडाला पदर लावून हसलो. मग सासरेही हसले.

बांबूची कामटी घालून गाळ काढला आणि मी पुन्हा आरसा धरला. उजेड पुरा गोल! मला इतका आनंद झाला की सासूबाईंनाही बोलावून दाखवला. पुढे गावात कुणाची लाइन तुंबली की मलाच बोलावणं यायचं आणि मीही मोठ्या तोऱ्यात जायची.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी रांजणातून तांब्या भरून घेतला आणि घटाघटा प्यायल्या. मग आणखी एक भरला. मी बघतच राहिले.

"काय बघून राहिली?" त्या म्हणाल्या. "हा संडास टिकंल असं वाटतच न्हवतं मला. या घरात आल्यापासून दिवस कलल्यावर पोटभर पाणी पेले न्हाई मी."