चार नंबरचे तेल

आमच्या संस्थेत कोणताही निर्णय घ्यायचा झाला की समिती नेमतात, आणि त्या समितीत विषयाचा जाणकार चुकूनही शिरणार नाही याची दक्षता घेतात. तिप्पण्णा बिराजदार यांना मी प्रथम पाहिले ते अशाच एका समितीच्या बैठकीच्या दाराबाहेर, टोपी हातात धरून उभे असताना. आत त्यांच्याच कामाविषयी चर्चा चालू होती. मी आत होतो, कारण इतिवृत्त लिहायला शुद्ध मराठी येणारा एक इसम लागतो. माझ्या एम. ए.च्या प्रथम श्रेणीचा संस्थेने बावीस वर्षांत केलेला हा एकमेव उपयोग.

संस्था सोलापुरातली, अक्कलकोट रस्त्यावरची. शिक्षण देण्याचे काम बऱ्यापैकी आटोपल्यामुळे तिने समाजसेवा हाती घेतली. अध्यक्ष इंद्रजीतराव यांनी लष्कराच्या लिलावातून तीन जुने ट्रक आणले, त्यांवर पाण्याच्या टाक्या चढवल्या आणि सांगोला तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात पाणी पोचवण्याची घोषणा केली. टाक्यांवर अध्यक्षांचे नाव रंगवले गेले. ते पाण्याच्या आधी पोचले. ट्रक मात्र चाळिशी उलटलेले होते आणि त्यांच्या पोटातल्या यंत्राची भाषा समजणारा माणूस शहरात सापडेना. तेव्हा कोणीतरी वळसंगच्या तिप्पण्णांचे नाव सांगितले आणि संस्थेने त्यांना देखभालीच्या कंत्राटावर घेतले.

तिप्पण्णा चोवीस वर्षे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. हेच ट्रक त्यांनी पठाणकोटपासून लेहपर्यंत चालते ठेवले होते. त्यांची पद्धत आमच्या विद्वानांना फारच गावंढळ वाटे. इंजिनातल्या जुन्या तेलाचा एक थेंब ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडत आणि तो पसरताना पाहत बसत. मध्ये काळा ठिपका घट्ट राहिला तर तेल मेले असे समजत. गिअरबॉक्सच्या तळाचे झाकण काढले की त्यावरच्या चुंबकाला काय चिकटले आहे ते बघत, मग खाली सांडलेले तेल उन्हात धरून पुन्हा बघत. याचे कारण त्यांनी मला एकदा सांगितले होते. लोखंड झिजले की चुंबकावर दिसते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ते गुपचूप जाते, आणि गेले हे कळायला डोळे लागतात.

डोळे असलेला माणूस बाहेर उभा राहिला आणि वंगण निवड समितीने काम सुरू केले. समितीचे निमंत्रक प्राध्यापक सोमशेखर. ते अभियंते होते. संगणकाचे, पण अभियंते. खरेदीच्या नियमावलीत एक अजरामर वाक्य आहे : साहित्य मागणीपत्रात नमूद केलेल्या दर्जाचे अथवा त्याहून वरच्या दर्जाचे असावे. तिप्पण्णांनी मागणीपत्रात गिअरबॉक्ससाठी चार नंबरच्या वर्गातले तेल लिहिले होते. पुरवठादाराने पाच नंबरही दाखवले. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे, हे सर्व सदस्यांच्या एकाच वेळी लक्षात आले. असे एकमत आमच्याकडे क्वचितच होते. मी ते लिहून घेतले.

औपचारिकता म्हणून तिप्पण्णांना आत बोलावले. इंजिनाच्या तेलाबद्दल त्यांनी फारसे काही म्हटले नाही. समितीने निवडलेले नव्या धर्तीचे तेल चालेल, पण ते जुन्या इंजिनात चाळीस वर्षांचा साचलेला गाळ धुऊन काढील, म्हणून पहिल्या खेपेला ते लवकर बदलावे, एवढीच त्यांची सूचना होती. समितीला हा शरणागतीचा आरंभ वाटला. मग गिअरबॉक्सचा विषय निघाला.

“साहेब, मागच्या चाकांमधल्या हौजिंगला पाच नंबर घाला, मी नको म्हणत न्हाय,” तिप्पण्णा म्हणाले. “तितं लोखंडाशी लोखंडाचं भांडण हाय, त्याला कडक तेल लागतंय. गिअरबॉक्समंदी पितळेच्या कड्या हायत. पाच नंबरात जे औषध घालत्यात, ते पितळ खातंय.”

“किती दिवसांत?” सोमशेखरांनी विचारले.

“दिवसांत न्हाय. दोन उन्हाळं.”

“म्हणजे आत्ता काही होणार नाही.”

“आत्ता काय बी होणार न्हाय की साहेब. म्हणून तर लई अवघड हाय.”

समितीचा कार्यकाळ एक वर्षाचा होता. सोमशेखरांनी तेल मंजूर केले आणि एका निवृत्त हवालदाराने वरच्या दर्जाला विरोध का करावा, याबद्दल चहाच्या वेळी सूचक मौन पाळले.

दोन ट्रकांत सोमशेखरांच्या समक्ष पाच नंबर भरले गेले. डबा ओतताना त्यांचे छायाचित्रही निघाले. तिसरा ट्रक सांगोल्याला पाणी वाहत होता. त्याचे तेल तिथेच बदलायला तिप्पण्णा गेले आणि त्यात त्यांनी चार नंबर घातले. लपवाछपवी काहीच केली नाही. परत आल्यावर देखभाल-नोंदवहीत त्यांनी आपल्या वळणदार फौजी अक्षरात लिहिले : तिसरी गाडी, गिअरबॉक्स, चार नंबर. त्या पानावर दर महिन्याला समितीची ‘तपासले’ अशी सही होत राहिली. चौदा सह्या झाल्या. आमच्याकडे खरे लिहून ठेवणे हाच ते लपवण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

पहिला उन्हाळा निर्विघ्न गेला. सोमशेखर भेटेल त्याला गिअर कसे लोण्यासारखे पडतात ते सांगत. समितीला मुदतवाढ मिळाली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर पहिला ट्रक गिअर बदलताना किंचाळू लागला आणि सांगोल्याच्या अलीकडे भर रस्त्यात थांबला. पंधरवड्याने दुसराही त्याच्या शेजारी येऊन बसला. तिप्पण्णांनी दोन्ही गिअरबॉक्स उघडले. तळाच्या तेलात सोनेरी भुकटी चमकत होती. अध्यक्ष पाहायला आले होते. ते म्हणाले, छान दिसते. तिसरा ट्रक तेवढा तिन्ही ट्रकांच्या खेपा करीत होता.

चौकशी लागली. दोन ट्रक बंद का पडले, हा प्रश्न तिने पहिल्याच बैठकीत बाजूला सारला, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. खरी भानगड तिसऱ्या ट्रकाची होती. तो बंद पडला असता तर दोष जुन्या यंत्रांवर टाकून प्रकरण मिटले असते. त्याने चालत राहून संस्थेला अडचणीत आणले. तेव्हा कोणीतरी नोंदवही उघडली, आणि दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदाच ती वाचली गेली.

सोमशेखरांनी तिप्पण्णांना आपल्या खोलीत बोलावले. टिपण घ्यायला मी होतो, पण मला पेन खाली ठेवायला सांगितले गेले, यावरूनच काय ते समजलो. त्यांनी फार सौम्यपणे योजना मांडली. नोंदवहीतले ते पान खराब झाले आहे, ते नव्याने लिहावे. तिसऱ्या गाडीतही पाच नंबरच होते असे लिहावे. मग तेच तेल असूनही एक गाडी उत्तम चालते, अर्थात तेल निर्दोष. दोष उरला चालकांचा. पहिल्या दोन गाड्यांच्या चालकांनी गिअर नीट हाताळले नाहीत, एवढे पुरेसे होते. दोघांना कमी करायचे; तिप्पण्णांचे कंत्राट मात्र पाच वर्षांसाठी वाढवायचे. दोघांपैकी एक शिवप्पा. तो क्लच दाबताना जणू झोपलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर पाय पडतो आहे अशा भीतीने दाबत असे.

“त्या दोघांस्नी काय सांगू, साहेब?” तिप्पण्णांनी विचारले. “पितळ तुमी खाल्लं म्हणून?”

“तुम्ही काहीच सांगायचे नाही. फक्त लिहायचे.”

तिप्पण्णांनी समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाले, “म्या घातलं ते लिवलं, आन लिवलं तेच घातलं. पान बदलून गाडीतलं तेल बदलत न्हाय. खाली सही माजी हाय. त्या पोरांची भाकरी माज्या सहीनं जाणार न्हाय.”

पान तसेच राहिले. त्यामुळे चालकांविरुद्धचा पुरावा नाहीसा झाला आणि दोघेही वाचले. तिप्पण्णांचे कंत्राट ‘मान्यताप्राप्त दर्जापेक्षा कमी दर्जाचे वंगण वापरल्याबद्दल’ संपुष्टात आणले गेले. ते पत्र मी लिहिले. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक त्यात नव्हती, आणि ते घेऊन वळसंगला मलाच पाठवले.

तिप्पण्णांनी पत्र उभ्यानेच वाचले, घडी घातली आणि मला बसायला पाट दिला. त्यांच्या पत्नी नागव्वा चहा घेऊन आल्या. त्यांना काही सांगावे लागले नाही.

“फौजेतनं आला तवा बँड वाजला हुता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ह्या बारीला काय वाजलं?”

“गिअरबॉक्स,” तिप्पण्णा म्हणाले.

नागव्वा हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी, सर तुम्ही साखर किती घेता, असे विचारले. मला तो चहा फार कडू लागला, आणि दोष साखरेचा नव्हता.

यानंतर समितीने एकसमानतेसाठी ठराव केला : दुरुस्त झालेल्या दोन्ही गाड्यांत पाच नंबरच भरावे, आणि तिसऱ्या गाडीतले सदोष तेल काढून तिथेही पाच नंबर भरावे. जी गाडी चालत होती तिला दुरुस्त करण्याचे धोरण असे एकमताने संमत झाले. नव्या मेकॅनिकने निमूटपणे अंमल केला. तो तरुण फार वर जाईल.

महिन्याभराने तिप्पण्णांच्या अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची पोच घ्यायला मी पुन्हा वळसंगला गेलो. भर दुपारी त्यांच्या अंगणात संस्थेचा पहिला ट्रक उभा होता. खाली घमेले, घमेल्यात तेलाची धार, आणि ट्रकाखाली शिवप्पा. पंक्चरच्या निमित्ताने गाडी वाट वाकडी करून आली होती. मला पाहून शिवप्पा सरपटत बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

“सर, तुमी हे लिवू नका,” तो म्हणाला. मग तिप्पण्णांकडे वळला. “फौजीमामा, वहीत पाच नंबर हाय. उद्या कुणी इचारलं तर?”

“वहीत त्यांची सही हाय, माजी न्हाय. मी आता तुमच्या संस्थेचा कुणी लागत न्हाय,” चार नंबरचा डबा उघडत तिप्पण्णा म्हणाले. “कागद त्यांचा. गाडी पाण्याची. आन ते काढलेलं सांडू नगंस, मागच्या हौजिंगला लागतंय.”

मी शिवप्पाला निर्धास्त केले. मला झालेले ठराव लिहायला सांगतात. पाहिलेले लिहायला कोणी कधी सांगितलेले नाही.

गेला उन्हाळा तिन्ही गाड्यांनी विनातक्रार पार पाडला, आणि यंदाचाही. मागच्या बैठकीत सोमशेखरांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. पाच नंबरच्या तेलाची निवड काळाच्या कसोटीला उतरली असून अन्य संस्थांनीही तिचे अनुकरण करावे, असे त्यात म्हटले आहे. मसुदा माझाच. टाळ्या वाजल्या.

शिवप्पाने हे वर्तमान वळसंगला पोचवले. तिप्पण्णांनी सगळे ऐकून घेतले, अन्य कोणत्या संस्थांकडे असले जुने ट्रक आहेत याची चौकशी केली, आणि दोन नंबरच्या गाडीचे तेल बदलायला झाले आहे, ती गुरुवारी घेऊन ये, असे त्याला बजावले.